कोपरा नसलेलं कार्ड

बायकोला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून गावात एक बोलवा उठलीय की म्हातारा फौजेत हेर होता. पारावर बसलेली पोरं विचारतात, "आजोबा, दाढी लावून सरहद्दीच्या पल्याड गेलता म्हनं तुमी?" मी कुठं गेलो नाही. दाढीही लावली नाही. मी बुरूड. सुपं-टोपल्या वळणारा माणूस. फौजेत गेलो तिथंही टोपल्याच वळल्या, फक्त त्या लांबून तोफेसारख्या दिसायच्या. माझी हेरगिरी एवढीच. पण तिच्यापायी माझ्या बायकोला जे सोसावं लागलं ते लोकांना अर्धंच माहीत आहे, आणि अर्ध्यात ते आपल्या पदरचं घालतात. म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलोय. शुद्धलेखन तपासू नका.

आमचं गाव अहमदपूरच्या पुढं, नांदेडच्या वाटेवर. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. कचेरीत काम निघालं की जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि साहेब नसला तर तिसरा दिवस. पण आम्हा बुरडांचं कचेरीत काम काय असणार? आमचं सगळं शेतकऱ्याच्या हातात. लढाईच्या आधीची दोन सालं पावसानं तोंड दाखवलं न दाखवल्यासारखं केलं. घरात दाणा नाही म्हटल्यावर सूप कोण घेणार, पाखडायला काहीतरी पाहिजे ना. दाणा साठवायच्या जुन्या कणग्या रिकाम्या पडल्या होत्या, नवीन कोण वळून मागणार. किनवटच्या रानातून बांबू आणायचा तर तो तरी कशासाठी आणायचा? तेवढ्यात नांदेडला फौजेची भरती निघालीय असं ऐकलं. चालत गेलो. तीन दिवस गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवलो, चौथ्या दिवशी माझी छाती मोजली. बंदुकीच्या पलटणीत घेतलं नाही. मजुरांच्या पलटणीत घेतलं. खंदक खणा, सामान उचला, रस्ता करा. मला काय, दोन्ही वेळचं जेवण होतं.

फौजेत निघायच्या आदल्या दिवशी बायको बांबूच्या कामट्या तासत बसली होती. लग्नाला पाच वर्षं झालेली, पोरगी तीन वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "तुमचं पत्र टपालवाला वाचनार, माय ऐकनार, समदी गल्ली ऐकनार. त्यात माझं काय?"

"तुला काय पायजे?"

"मला कुनी वाचून न दाखवता कळलं पायजे."

तिला अक्षर येत नव्हतं. मग आम्ही ठरवलं. कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मी एक चित्र काढायचं. सूप काढलं तर मी बरा आहे. परडी काढली तर तिची सय येते आहे. ती म्हणाली, "दोन्ही काढत जा. जागा लागत न्हाई लई." फौजेत गेल्यावर पहिली चार कार्डं मी तशीच पाठवली. टपालवाला वाचायचा, माझी माय डोळे पुसायची, आणि मग ही कार्ड हातात घेऊन कोपरा बघायची. हे मला नंतर तिनंच सांगितलं.

पुढं आमच्या तुकडीला गाडीत घातलं आणि वाळूच्या मुलखात नेऊन उतरवलं. जिकडं बघावं तिकडं वाळू. पाण्याची आपल्यासारखीच बोंब, त्यामुळं मला परकं वाटलं नाही. एक तरुण साहेब होता, चष्म्याचा. त्यानं रांगेसमोर उभं राहून विचारलं, "बांस का काम कौन जानता है?" चार हात वर झाले. त्यातला एक माझा. आम्हाला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की तोफा करायच्या आहेत. बांबूच्या, तट्ट्यांच्या, गोणपाटाच्या. दुश्मनाचं विमान वरून बघतं, फोटो काढतं. त्याला इथं तोफा दिसल्या पाहिजेत आणि खऱ्या तोफा दुसरीकडं असल्या पाहिजेत. मग म्हणाला, ही गोष्ट तोंडातून बाहेर पडली तर थेट तुरुंग. कार्डात नाही, गाडीत नाही, बायकोजवळही नाही.

आता बुरडाला काय अवघड? जाड बांबूला गोणपाट गुंडाळून डांबर फासलं की नळी झाली. टोपलीच्या कडा वळतो तशी मोठी कडी वळून चाकं केली. तट्ट्यांचा पत्रा केला. चार दिवसांत तीन तोफा उभ्या. साहेब खूश झाला, पण विमानातून बघून आलेला दुसरा साहेब खूश नव्हता. तो म्हणाला, ह्या तोफांच्या सावलीला भोकं आहेत. खरंच की! तट्टीतून ऊन झिरपत होतं. वरून सावली पडली होती ती तोफेची नाही, चाळणीची. सगळे साहेब डोकं धरून बसले. मी म्हटलं, साब, आमच्यात कणगीला शेण-माती लावतात, दाणा गळू नये म्हणून. उंटाची लीद आणली, माती कालवली, आणि सरकारी तोफ मी कणगीसारखी सारवली. सावली घट्ट झाली.

ते काम मी शिकलो तसं दुसरं कुठलं शिकलो नाही. नुसती तोफ उभी करून भागत नाही. तिच्याकडं जाणारी चाकोरी पाहिजे. चाकोरी पाहिजे तर जुने टायर वाळूत लोळवा. तोफ आहे म्हणजे माणसं आहेत, म्हणून सकाळी धूर काढा, दोरीवर बनियनी वाळत घाला. एक गाडी दिवसभर मागं काटेरी झुडूप बांधून धूळ उडवत नुसती जा-ये करायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जाळीची. खोट्या तोफेवर लपवायची जाळी टाकायचीच, पण ती जरा आळशी माणसानं टाकल्यासारखी. पूर्ण झाकलं तर दुश्मनाला दिसणार नाही, उघडं ठेवलं तर तो म्हणेल, हे मुद्दाम दाखवून राहिलेत. थोडं चुकल्यासारखं झाकायचं. माणूस स्वतः शोधून काढलेल्या गोष्टीवर लवकर विश्वास ठेवतो, असं तो चष्म्याचा साहेब म्हणायचा.

मला गर्व झाला. खोटं का बोलू? आयुष्यभर बायकांनी सूप उलटंपालटं करून "कड सुटलीय की ह्याची" म्हणत नाक मुरडलेलं. आणि इथं माझ्या हातच्या कामाकडं साहेबलोक कंबरेवर हात ठेवून बघत होते. दसऱ्याच्या सुमारास घरी कार्ड लिहिलं. मी खुशाल आहे, मायला नमस्कार, पोरीला जप. कोपऱ्यात सूप काढायला पेन टेकवलं आणि मनात आलं, तिला कळू तर दे आपला नवरा काय करतो. सूप काढलं नाही. परडी काढली नाही. तोफ काढली. आणि ती बांबूची आहे हे कळावं म्हणून नळीवर बांबूच्या गाठी काढल्या.

कार्डं जायच्या आधी साहेब वाचायचा. मला बोलावणं आलं. कार्ड टेबलावर.

"ये क्या है?"

"तोप है, साब."

"किसकी?"

"मेरी."

तो हसला नाही. ड्रॉवरमधून कात्री काढली आणि कोपरा तिरपा कापून काढला. काडी ओढून तो तुकडा जाळला. बाकीचं कार्ड हातात धरून म्हणाला, बाकी ठीक लिहिलंय, घरची माणसं वाट बघत असतील, जाऊ दे. माणूस चांगला होता हो. रागानं सगळं कार्ड फाडलं असतं तर बरं झालं असतं.

आता नव्या पोरांना सांगावं लागेल. आमच्याकडं मरणाचं कार्ड आलं की त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. ही खूण. ते कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. कोण गेलं एवढं कळलं की तिथंच फाडायचं, नाहीतर विस्तवात टाकायचं. पाहुण्यांकडून, भावकीकडून असलं कार्ड आलं की बाया लांबूनच कोपरा बघून हंबरडा फोडायच्या, अक्षर नंतर.

कात्री चालताना मी समोर उभा होतो. डोळ्यांनी बघत होतो. ध्यानात आलं नाही. माझ्या डोक्यात तुरुंग होता. जेवायला बसलो, घास तोंडाशी नेला, आणि मग चमकलं. तसाच उठून पळालो. टपालाचा थैला गेलेला. साहेबाच्या तंबूत गेलो.

"साब, कोना कटा तो आदमी मर गया."

"कौन मर गया?"

"मैं."

"तू तो सामने खडा है."

मी समजावून सांगायला गेलो, त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. दुसरं कार्ड लिहू द्या म्हटलं. तो म्हणाला, आता लढाई होईपर्यंत इथून एक कागद बाहेर जाणार नाही, तुझा तर नाहीच. मी मनाला समजावलं, टपालवाला वाचून दाखवेलच. अक्षर बघतील. खुशाल आहे असं स्पष्ट लिहिलंय. मेलेला माणूस खुशाल कसा असेल?

लढाई लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विमानं आली आणि माझ्या तोफांवर बाँब टाकून गेली. आम्ही दोन शेतं लांब खंदकात. माती डोक्यावर पडत होती. धूर विरल्यावर बघितलं तर कामट्या पसरलेल्या, एका चाकाची कड तेवढी शाबूत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबानं पाठीवर थाप मारली. त्याचं म्हणणं, तुझ्या तोफा मेल्या म्हणून आपली पोरं जगली. ते खरंच होतं. पण मला त्या घटकेला पोरं आठवली नाहीत. मायच्या हातातलं कार्ड आठवलं.

घरी काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. टपालवाला त्या दिवशी सायकल पंक्चर म्हणून आला नव्हता. कार्ड वाण्याच्या माणसाबरोबर आलं, फौजेतलं आहे एवढंच त्याला माहीत होतं. मायनं लांबून बघितलं, कोपरा नाही. तिनं ते त्याच्या हातातून ओढलं आणि दारातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातलं. कुणी वाचलं नाही. बायको पुढं धावली. जळायच्या आधी तिनं अक्षर बघितलं. ती सगळ्यांना म्हणाली, "आवो, हे त्येंच्याच हातचं अक्षर हाय. अशी ओळ चढावर नेनारं दुसरं कोन हाय? मेलेला मानूस सोता कळवतो व्हय?" बाया म्हणाल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तिला अ का ठ माहीत नाही, तिला अक्षर काय कळणार? ती म्हणाली, फौजेतलं मरण तारेनं कळवतात. माझा चुलता पंच होता, तो म्हणाला, लढाई अजून लागली नाही तर तार कशाची? साप चावला असेल. दहावा झाला. तिच्या बांगड्या फुटल्या.

लढाई सरली तरी माझ्या कार्डांवरची बंदी उठली नव्हती. मी शिमग्याच्या आधी सुटीवर आलो. घराला कडी. सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. तसाच पेटी डोक्यावर घेऊन तिकडं गेलो. माळावर दगडांचे ढीग, आणि एकेका ढिगापुढं बाया. मला बघून एक किंचाळली, मग दहा किंचाळल्या. माय जागच्या जागी बसली. बायकोनं हातोडा खाली ठेवला. हात बोडके, कपाळ पांढरं. माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "लई उशीर केलात." आणि मग हळूच, "कोपऱ्यात काय काढलं होतं?"

माय शेजारी. माणसं गोळा झालेली. मी म्हणालो, "सूप."

ती हातोडा उचलून पुन्हा दगडावर मारायला लागली.

दुसऱ्या दिवशी माळावरच पंच बसले. मेलेला माणूस आला, आता करायचं काय? माझे दिवस घातलेले. चुलता म्हणाला, आधी ह्याला जन्माला घालावा लागेल. हसू नका, तशी रीतच होती. पाणी नव्हतं, म्हणून टँकरच्या तांब्याभर पाण्यानं मला मायच्या मांडीवर बसवून अंघोळ घातली आणि कानात पुन्हा माझंच नाव सांगितलं. सहा फुटाचा मिशावाला मी, आणि माय म्हणत होती, "हलू नगंस, वजन व्हतंय." सगळा माळ हसला. मग हसू थांबलं, कारण प्रश्न बायकोचा होता.

चुलत्यानं सरळ विचारलं, "हे बघ, ते कार्ड मरनाचं नव्हतं म्हनतोस. मग कोपरा कामून नव्हता? फाडला कुनी? खरं कारन असंल तर बांगड्या चुकून फुटल्या म्हनू. नव्या भरू, झालं. कारन न्हाई तर मग रीत ती रीत."

मला फक्त एवढंच सांगायचं होतं की साहेबानं कात्रीनं कापला. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कशापायी कापला? तुरुंग आठवला. आणि खरं सांगायचं तर तुरुंगापेक्षा जास्त लाज आठवली. सगळ्यांसमोर काय सांगू, की मोठेपणा दाखवायला गेलो? मी म्हणालो, "मला ठावं न्हाई. टपालात फाटला असंल."

चुलत्यानं मान हलवली. "मग पाट लावावा लागंल."

पाट म्हणजे रांडावलेल्या बाईचं दुसरं लग्न. ते सांजेला, वाजंत्रीशिवाय. माझं माझ्याच बायकोशी पाटाचं लग्न झालं. तिला कुंकू मिळालं, बांगड्या मिळाल्या, नवराही तोच. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? बायांना विचारा. पाटाच्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. नवरीला पहिली हळद लावू देत नाहीत. ओटी भरताना तिनं मागं उभं राहायचं. कुणी तोडून बोलत नाही, नुसतं ताट तिच्या पुढून पुढच्या बाईकडं सरकतं. मी ते ताट दहा वर्षं सरकताना बघितलं. पुढच्या साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा हळदीलाही कुणाकडं काही नव्हतं. सगळ्या बाया सारख्याच होत्या. ते एक साल तिला बरं गेलं असावं, असं मला कधीकधी वाटतं.

फौजेतून मी पाच वर्षांनी सुटलो. पुन्हा सुपं. मग आमचा जिल्हा बदलला. लातूर जिल्हा झाला. गावोगाव उत्साह. कचेरी जवळ आली. तालुक्याला मोठ्या कमानी उभारायच्या ठरल्या आणि बांबूचं काम म्हणून मला बोलावलं. पुढारी म्हणाला, "मामा, कायतरी जंगी करा." मी कमानीवर एक तोफ केली. हातानं केली, डोक्यानं नाही. नळी, कडी, सारवण. ती सगळ्यांना लई आवडली.

बायको भाकरी घेऊन आली होती. कमानीखाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "गाठी दिसून राहिल्या नळीच्या."

"डांबर लावायचंय अजून."

"ही काढली होती व्हय कोपऱ्यात?"

मी शिडीवर होतो. खाली उतरलो. भाकरीला हात लावला नाही. सगळं सांगितलं, साहेब, कात्री, काडी, माझा गर्व. ती फडक्याच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "आत्ताच जाऊन पंचाला सांगतो. दहा वरसं गेली तर गेली."

"सुपाला कुनी कात्री लावत न्हाई, हे मला त्याच दिशी कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, दुसऱ्या कुन्या बाईचं चित्र काढलं असंल तुमी. तोफ! तोफेपायी!" आणि हसली. हसता हसता तिला रडू आलं. कमानीला टेकून बसली. मग तिनं तिचं सांगितलं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

बांगड्या तिनं स्वतः फोडल्या होत्या. मी जिवंत आहे हे तिला ठाऊक होतं. अक्षर बघितलं होतं. पण मायनं अन्नपाणी सोडलं. सहा दिवस. माय म्हणायची, ही बांगड्या फोडीना, माझ्या लेकाचा जीव अडकलाय, तो तहानलेला फिरतोय. सातव्या दिवशी माय उठून बसेना तेव्हा हिनं दगड घेतला आणि तिच्यासमोर हात आपटला. कपाळ पुसलं. मोठ्यानं रडली. "खोटं खोटं रडले मी," ती म्हणाली, "अन् मायनं पेज पिली. मला वाटलं, हे आले की पुन्हा भरतील, त्यात काय. पाट लावतील हे कुठं ठावं होतं मला?"

मी म्हणालो, "म्हणूनच सांगून टाकतो."

"आता न्हाई. मायच्या हातानं जळलंय ते कार्ड. तिला कळलं की पोराच्या हातचं खुशालीचं कार्ड आपन चुलीत घातलं अन् सुनंला रांडाव केलं, तर ती जगंल व्हय? तुमी गप बसायचं. फौजेत बसला तसं."

मी गप बसलो. पोरीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी माझ्या चुलत्याची सून, माझी वयनी, पुढं झाली आणि तिनं पोरीला पहिली हळद लावली. पोरीची आई दाराआड उभी राहून हळदीचं वाटण संपलं तर नाही ना ते बघत होती. माझ्या जिभेवर आलं होतं. समोर माय बसली होती, नातीकडं बघून बोळक्यानं हसत होती. मी वाजंत्र्याला पाणी द्यायला गेलो.

माय पुढं नव्वदीला गेली. तिचं सगळं उरकल्यावर मी बायकोला म्हणालो, आता सांगतो. ती म्हणाली, "आता कामून? माझेबी दात पडले. आता हळद कुनाला लावू?" मीही रेटलं नाही. रेटायला पाहिजे होतं. ती नको म्हणाली म्हणून मी सुटलो, असं मला वाटलं. माणूस किती हलकट असतो बघा.

ती गेली ते सकाळी. चहा ठेवते म्हणाली आणि बसली ती बसलीच. बाया जमल्या. पोरगी आली. पाणी तापवलं. वयनी आता गल्लीत सगळ्यात मोठी, काठी टेकत आली, रीतभात सगळी तिच्या तोंडात. आतून तिचा आवाज आला. "मळवट नगं. हिरवा चुडा नगं. पाटाची हाय ती. साधं कुंकू लावा अन् लवकर आटपा, ऊन चढतंय."

पोरगी बाहेर माझ्याकडं बघायला आली. नुसती बघत होती. मी उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून बोललो. रडत बोललो की ओरडत, ते आठवत नाही. तोफ, कोपरा, कात्री, पंचापुढं बोललेलं खोटं, मायची पेज. ती कधी रांडावलीच नव्हती. जित्त्या नवऱ्याच्या बायकोला मी पन्नास वर्षं मागं उभी केली.

 मग वयनी दारात आली.

"त्या दिशी का बोलला न्हाईत, भावजी?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"साहेबाला भ्यालो. तुझ्या सासऱ्याला भ्यालो. लाजंला भ्यालो."

"अन् तिला?"

"तिला न्हाई भ्यालो. म्हनून तर समदं तिच्यावर टाकलं."

ती माझ्याकडं इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं काठी मारते. मारली असती तर चाललं असतं. पण ती मागं वळली आणि बायांवर ओरडली, "बघत काय बसल्यात? जा, कासाराकडनं चुडा आना, हिरवा. हळद काढा. सवाशीन हाय ती, सवाशीन! अन् सरका, पयली हळद मी लावते. तिच्या पोरीच्या येळंला मीच पुढं गेले होते."

पुरुषांनी आत जायचं नसतं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आत बांगड्या भरल्याचा आवाज येत होता, एकेक, हळू, हात ताठरला होता म्हणून. वयनी तिला म्हणत होती, "ढिला सोड गं हात, बाई. ढिला सोड."